गाईवाला अल्बम चांगला की बेकार? पिंक फ्लॉइडच्या वादात नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

मागच्या पोळ्याला माझा भासा पुण्याहून आला होता. बैल तोरणाखालून सुटले, झडत्या (पोळ्याची कवनं) झाल्या, घरोघरी बोजारा (पोळ्याची ओवाळणी) मागून झाला आणि आम्ही नेहमीचे चौघं, म्हणजे मी, मास्तर, ट्रॅक्टरवाला आणि कृषी केंद्रवाला, पानठेल्यामागच्या बाकावर टेकलो. भासा आल्या आल्या म्हणाला, "मामा, पिंक फ्लॉइडचा तो गाईवाला अल्बम एकदम बेकार आहे." मास्तरांनी तोंडातला खर्रा गालात सरकवला आणि एवढंच विचारलं, "कोणत्या मिनिटाले?"

भाशाला उत्तर देता आलं नाही. त्यानं तो अल्बम एसटीत, मोबाईलच्या स्पीकरवर, फार तर चार मिनिटं ऐकला होता. बाकीचं मत त्यानं दुसऱ्याचं उचललं होतं. त्याला त्या दिवशी आम्ही बोलू दिलं नाही, हे जरा जास्तच झालं. म्हणून त्याच्यासाठी, आणि त्याच्यासारख्या ज्यांना ‘डार्क साईड’ (‘द डार्क साईड ऑफ द मून’) आणि ‘द वॉल’ या गाजलेल्या दोघांच्या पलीकडच्या अल्बमांवर चार लोकांत बोलायचंय त्यांच्यासाठी, हे लिहितोय. आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात चौघं जण पन्नास वर्षांपूर्वीच्या इंग्रजी बँडवर भांडतात याचं हसू येत असेल तर येऊ द्या. १९९४ साली नागपूरच्या होस्टेलमधून मी ‘द डिव्हिजन बेल’ची कॅसेट गावात आणली, तेव्हापासून हे चालू आहे.

पायरी पहिली: ‘पडेल’ म्हणजे कुणासाठी, ते ठरवा

नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. अल्बम कमी नावाजलेला आहे म्हणजे तो खपला नाही, असं तो धरून चालतो. ‘ॲटम हार्ट मदर’, म्हणजे आमचा गाईवाला, ऑक्टोबर १९७० मध्ये आला आणि ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. तिथवर पोचलेला बँडचा तो पहिलाच अल्बम. त्याला पाडलं ते बँडनंच. गिटारवाला गिल्मर आणि बासवाला वॉटर्स या दोघांचं आयुष्यात फारसं पटलं नाही, पण नंतर मुलाखतींमधून या अल्बमला नावं ठेवण्याबाबत मात्र दोघांचं एकमत. ‘द फायनल कट’ १९८३ मध्ये आला, तोही ब्रिटनमध्ये पहिला. त्याच्यावर चाहतेच आजवर भांडतात. ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’शी कुणाचं वैर नाही, बिचारा झाकला गेला. जून १९७२ मध्ये तो आला आणि पुढच्या मार्चमध्ये ‘डार्क साईड’ आला. ज्या घरात थोरला कलेक्टर झाला, तिथल्या धाकट्या पोस्टमास्तरची कोण चौकशी करतो?

म्हणजे एक अल्बम बापानं टाकलेला, एक भावकीत वाटणीवरून अडकलेला आणि एक नुसताच दुर्लक्षित. तिघांची बाजू एकाच पद्धतीनं मांडता येत नाही. टाकलेल्यासाठी तुम्हाला बँडच्याच विरोधात बोलावं लागतं. दुर्लक्षितासाठी फक्त गाणं लावलं तरी काम होतं.

‘ॲनिमल्स’ला पडेल म्हणू नका. तो १९७७ चा. आधी ‘विश यू वेअर हिअर’, नंतर ‘द वॉल’, अशा दोन पहाडांमध्ये तो बसलाय एवढंच. आमच्यात कुणी त्याला पडेल म्हटलं की ट्रॅक्टरवाला उठून जातो.

पायरी दुसरी: ऐकायची सोय करा

मोबाईलमध्ये आधी शफल बंद करा. क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी सेटिंग) असेल तर तेही बंद. गॅपलेस नावाची सेटिंग असेल तर ती चालू ठेवा, कारण या लोकांची गाणी एकातून एक निघतात आणि मध्ये अर्ध्या सेकंदाची फट पडली की सगळी कळा जाते. सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा करणारी सेटिंगही काढून टाका. फुकटच्या ॲपवर ऐकू नका. एकदा ‘ॲनिमल्स’मधलं ‘डॉग्ज’ ऐन रंगात आलेलं असताना मधेच कर्जाची जाहिरात आली होती आणि सोयाबीनचे पैसे अडकलेले असताना ती कुणालाच गंमत वाटली नाही. तालुक्याला गेलात की अल्बम पूर्ण उतरवून घ्या, गावातल्या नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

ब्लूटूथचा छोटा डबा या कामाचा नाही. त्यात डावं आणि उजवं एकाच भोकातून निघतं. दोनतीनशे रुपयांचा वायरवाला हेडफोन त्यापेक्षा बरा.

आणि एका बैठकीत किमान एक बाजू ऐका. हे अल्बम रेकॉर्डच्या जमान्यातले, एका बाजूला साधारण वीस-पंचवीस मिनिटं मावायची. कुठं थांबायचं, कुठं पालटायचं, हे त्यांनी त्या हिशोबानं रचलंय. आमच्याकडे थंडीत हरभऱ्याला रात्रपाळीच्या लाईनवर ओलित करावं लागतं. एकदा दांड फोडून पाणी वळवलं की पुढच्या वेळी उठायला वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. मी ‘ॲटम हार्ट मदर’ची पहिली बाजू अशीच, डोक्याला मफलर गुंडाळून, बांधावर बसून शिकलो. एक सूट (म्हणजे बाजूभर चालणारी एकसलग रचना), एक दांड. जागलीला मात्र दोन्ही कान झाकून बसू नका. आपण गिटारमध्ये गुंगलो आणि रानडुकरं पिकात शिरली, हे घरी सांगता येत नाही.

आणखी एक. तुम्ही कोणती प्रत ऐकली ते लक्षात ठेवा. ‘फायनल कट’च्या २००४ च्या आवृत्तीत एक जादा गाणं मध्ये घातलंय. ‘ॲनिमल्स’चं नवं रीमिक्स २०२२ मध्ये निघालं. १९८७ च्या ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’ची तर २०१९ मध्ये जवळजवळ नवी बांधणी झाली. निक मेसननं ड्रम पुन्हा वाजवले, रिक राईटचा कीबोर्ड वाढवला. आम्ही दोन रविवार भांडलो आणि मग कळलं की कृषी केंद्रवाला नवी प्रत ऐकून बोलतोय आणि मी जुनी कॅसेट धरून. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो, पण दोन रविवार गेले ते गेलेच.

पायरी तिसरी: क्रम

सुरुवात ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’नं करा. बार्बे श्रोडर या दिग्दर्शकाच्या ‘ला व्हॅले’ या फ्रेंच चित्रपटासाठी केलेलं हे काम. ‘डार्क साईड’ची जुळवाजुळव चालू असताना मधेच सुट्टी काढून फ्रान्समधल्या एका जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत थोड्याच दिवसांत उरकलं. दहा तुकडे, सगळे लहान, चाळीसेक मिनिटांत आटोपतं. लांबच लांब सुरावटींची सवय नसलेल्या कानाला हे पचतं. ‘फ्री फोर’ टाळ्यांच्या ठेक्यावर चालतं, लग्नात वाजवलं तर कुणी हटकणार नाही. पण शब्द ऐकले तर म्हातारपण, मरण आणि वॉटर्सचा युद्धात गेलेला बाप. पुढं ‘द वॉल’ आणि ‘फायनल कट’मध्ये जे झाड वाढलं त्याचं बी इथं पडलेलं दिसतं. ‘चाइल्डहूड्स एंड’ नीट ऐका. ते गिल्मरनं एकट्यानं लिहिलंय, आणि त्यानंतर त्याच्या नावावर फ्लॉइडच्या गाण्याचे शब्द यायला थेट १९८७ उजाडलं. ‘वॉटर्स शब्दाचा, गिल्मर सुराचा’ असं जो सरसकट सांगतो, त्याच्यासमोर हे ठेवा.

यानंतर ‘ॲनिमल्स’. तीन लांब गाणी, कुत्रे, डुकरं आणि मेंढ्या, आणि पुढंमागं दीड-दीड मिनिटाचे दोन छोटे तुकडे. ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’वरून कल्पना घेतली, पण उलटी केली. तिथं रोख स्टालिनच्या रशियावर होता, इथं भांडवलशाहीवर. कुत्रे म्हणजे धंद्यात एकमेकांचे लचके तोडणारे, डुकरं म्हणजे वर बसून शहाणपण शिकवणारे, मेंढ्या म्हणजे आपण. शेवटी मेंढ्या कुत्र्यांवर उलटतात. ‘डॉग्ज’ सतरा मिनिटांचं आहे आणि त्याच्या मध्यावर कुत्र्यांचं भुंकणं यंत्रातून काढून लांबवलंय. पहिल्यांदा शेतात ऐकताना मी हेडफोन काढून टॉर्च फिरवला होता. खरी कुत्री शांत झोपली होती. पुढं ट्रॅक्टरवाल्यानं हेच गाणं ट्रॉलीवरच्या स्पीकरवर लावलं तेव्हा मात्र अख्ख्या वस्तीची कुत्री उठली आणि त्याच्या आईनं त्याला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

‘ॲनिमल्स’विरुद्ध बोलायचं असेल तर मुद्दा आहे. त्यात माया कमी आहे. राईटच्या नावावर एकही रचना नाही, वरचा तो मऊ थर पातळ झालाय. पण तसं म्हणणाऱ्याला मी ‘शीप’ची सुरुवात लावून दाखवतो. मेंढ्यांचं बेंबाटणं आणि त्यावर राईटचा एकट्याचा इलेक्ट्रिक पियानो. श्रेय नाही मिळालं, म्हणून माणूस तिथं नव्हता असं नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर राबणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

मुखपृष्ठाच्या गोष्टीत फार रमू नका. लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रावर फुगवलेलं डुक्कर डिसेंबर १९७६ मध्ये दोर तोडून उडालं, हीथ्रोच्या विमानांच्या वाटेत गेलं आणि केंटमध्ये एका शेतावर उतरलं. गोष्ट झकास आहे, पण ती सांगून अल्बम चांगला ठरत नाही. नवा माणूस ती सांगायला लागला की मास्तर घड्याळ बघतात.

तिसरा गाईवाला. यावर जरा थांबतो, कारण आमच्यातली निम्मी भांडणं याच्यावरची. मुखपृष्ठावर नुसती गाय. बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही. ती होल्स्टीन आहे, आमच्याकडची गवळाऊ नव्हे. माझ्या वडिलांनी ते चित्र पाहून दूध किती देते विचारलं होतं. नाव आलं वर्तमानपत्रातल्या एका बातमीवरून, अणुशक्तीवर चालणारा पेसमेकर बसवलेल्या बाईची बातमी. पहिली पूर्ण बाजू एकच सूट, जवळपास चोवीस मिनिटं. बँडनं मूळ वाजवलं आणि रॉन गीसिन नावाच्या संगीतकारानं त्यावर पितळी वाद्यं, चेलो आणि कोरस चढवला.

ते असं ऐका. पहिली अडीच-तीन मिनिटं पितळी वाद्यांचा दणका, बँडवाल्यांनी वरात दारात आणावी तसा. मग चेलो आणि त्यामागून गिल्मरची स्लाईड गिटार. इथंच पुष्कळ जण पहिल्यांदा जिंकले जातात. पाच मिनिटांनंतर कोरस हळूहळू चढत जातो. दहाव्या मिनिटानंतर बाकी सगळे बाजूला होतात आणि नुसता बँड उरतो, ठेका खाली बसतो, गिटार मोकळी सुटते. साडेपंधरापासून दोनेक मिनिटं नुसता आवाजांचा गोंधळ. मग आधीचे तुकडे एकेक करून परततात आणि सगळं एकवटून संपतं.

विरोधकांचा खरा मुद्दा लयीचा आहे, आणि तो बरोबर आहे. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं नव्या रुंद टेपला कात्री लावायला बंदी केली होती, त्यामुळं मेसन आणि वॉटर्सना अख्ख्या सूटचा पाया, ड्रम आणि बास, एका दमात वाजवावा लागला. लय कुठं पुढं पळते, कुठं मागं रेंगाळते. वर चढवलेल्या पितळी वाद्यांना ती पकडत जावं लागलं. कृषी केंद्रवाला म्हणतो, हे कच्चं काम आहे. मी म्हणतो, बंडी खाचखळग्यातून जाते तेव्हा अशीच हलते आणि तरी घरी पोचते. तो म्हणतो, मग घुंगरं कशाला बांधली? यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

दुसऱ्या बाजूला वॉटर्स, राईट आणि गिल्मर यांचं एकेक गाणं. गिल्मरचं ‘फॅट ओल्ड सन’ संध्याकाळी उन्हं कलताना ऐका, दुसऱ्या वेळी ऐकू नका. शेवटचा तुकडा म्हणजे एका माणसाचा नाश्ता: काडी पेटते, काहीतरी तळलं जातं, तो खातो, पुटपुटतो. मूळ रेकॉर्डवर शेवटी नळाचा थेंब पडत राहतो, सुई उचलेपर्यंत. तेरा मिनिटं. माझ्या मते सहा पुरली असती.

चौथा ‘फायनल कट’. आवाजाची काळजी घ्या. वॉटर्स कुजबुजतो म्हणून तुम्ही आवाज वाढवता आणि पुढच्या क्षणी कानात स्फोट होतो. याच्या मागच्या बाजूला छापलंय की हे रॉजर वॉटर्सचं, युद्धोत्तर स्वप्नासाठीचं शोकगीत आहे आणि पिंक फ्लॉइडनं ते सादर केलंय. भांडण याच ओळीवर आहे. हा बँडचा अल्बम की एका माणसाचा? राईटला आधीच बाहेर काढलेलं, गिल्मर मुख्य आवाजात फक्त एका गाण्यात. वॉटर्स पाच महिन्यांचा असताना त्याचा बाप १९४४ मध्ये इटलीत आन्झिओला पडला, त्यालाच हा अल्बम वाहिलाय. १९८२ चं फॉकलंड युद्ध ताजं होतं. मास्तरांना हा अल्बम फार जवळचा आहे, त्याचं कारण ते सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. नव्या माणसानंही विचारू नये.

मग ‘मोमेंटरी लॅप्स’. वॉटर्स बँड सोडून गेल्यानंतरचा, ऐंशीच्या दशकाची पावडर थापलेला. ‘उमागुमा’ शेवटी घ्या. १९६९ चा जोडअल्बम आहे, पहिली तबकडी मंचावरची, ती ऐका, उत्तम आहे. दुसऱ्या तबकडीत चौघांनी चार वाटण्या करून आपापलं वेगळं रांधलं. त्यात वॉटर्सच्या एका तुकड्याचं नाव इतकं लांब आहे की आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत मावणार नाही. १९६९ चा ‘मोअर’ आणि २०१४ चा ‘द एंडलेस रिव्हर’ जमलं तर ऐका.

पायरी चौथी: बाकावर बसल्यावर

मिनिट सांगा. "गिटार भारी आहे" असं म्हणू नका, "अकराव्या मिनिटाला गिटार येते तिथं" असं म्हणा. समोरचा मोबाईल काढतो, तिथं जातो, आणि भांडण हवेतून जमिनीवर येतं.

दुसरा नियम आमचा स्वतःचा: ज्यानं नावं ठेवली त्यानंच लावायचं आणि संपेपर्यंत बसायचं. मागं एकानं ‘उमागुमा’ला शिव्या घातल्या आणि नियमाप्रमाणे दुसरी तबकडी पूर्ण ऐकली. मत तेच राहिलं, पण शिव्या नेमक्या झाल्या.

वॉटर्सवाला की गिल्मरवाला असं कुणी विचारलं तर लगेच उत्तर देऊ नका. हा कलगी-तुरा नव्हे की एक फड धरलाच पाहिजे. आणि मोठ्यांशी वाद घालताना आवाज चढवू नका, इथं मास्तर कुणाचे तरी गुरुजी असतातच. पोळ्याच्या झडतीत कसं, समोरच्याची झडती पूर्ण होऊ द्यायची, हर बोला म्हणायचं आणि मग आपली टाकायची. तेवढं जमलं तरी बाकावर जागा मिळते.

दिवाळीला भासा परत आला. या वेळी त्यानं हेडफोन आणला होता. मास्तरांनी विचारायच्या आधीच म्हणाला, "साडेपंधरा ते साडेसतरा. तिथं नुसता गोंधळ आहे, त्यानं सगळं तुटते."

मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. "तेवढं मलेही नाई पटत."

"काऊन नाई पटत?" ट्रॅक्टरवाला बाकावरून उठला. "तो गोंधळ हाय म्हणून तर पुढचं परत येनं कळते ना बाप्पा! नाईतर कोन गेलतं आन् कोन आलं?"

कृषी केंद्रवाल्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं. भाशाला नियम माहीत होता. त्यानं हेडफोनची वायर काढली, मास्तरांना एक बाजू दिली, दुसरी स्वतःच्या कानात घातली आणि सुरुवातीपासून लावलं. मोबाईलची बॅटरी एकतीस टक्के होती, लाईन रात्री बारापर्यंत यायची नव्हती.